गवतावरचे अठरा घोडे

या, असे जवळ बसा. दाराशी उभे आहात त्यांनी आत या, समुद्राचा वारा लागतो. आज तुम्हाला अठरा घोड्यांची गोष्ट सांगतो. सगळे लाकडाचे, एकही जिवंत नाही, आणि तरी एका दुपारी अठराच्या अठरा नाहीसे झाले. कसे गेले, कसे आले आणि आले तेव्हा कुणाचे झाले, एवढंच ऐकायचं आहे. ऐकताना कुणाबद्दल मनात राग धरू नका. देवानं ही गोष्ट रचली तेव्हा त्यात दुष्ट माणूस घालायचं तो विसरला.

तर शुक्रवारची सकाळ. लिनेट पास्को अंडी तळत होती आणि तिचा धाकटा भाऊ डॅरल टोस्टवर व्हेजिमाइट फासत होता. टेबलाच्या टोकाला त्यांचे वडील, एक्याऐंशी वर्षांचे नेव्ह, चहाच्या कपात बघत बसले होते.

"रविवारी दोनला क्विल्टर येतोय," डॅरल म्हणाला. "घोडे जवळून बघणार. खाली उतरवून, नीट करून ठेवा म्हणालाय."

"घोडेच का? जमीन नाही बघणार?"

"जमीन तो लगेच पुढं विकेल. त्याला घोडे हवेत. मेलबर्नला एका मोठ्या दुकानसंकुलाच्या मधोमध उभे करणार. घोडे नसतील तर बाकीचं काहीच नको, असं तोंडावर सांगितलंय त्यानं."

"म्हणजे शोभेला. बसायचं नाही कुणी."

"छपराखाली तरी राहतील. इथं निम्मे समुद्रानं खाल्लेत."

लिनेटनं अंडं जरा जोरात उलटलं. ते फुटलं. ते तिनं डॅरलला वाढलं.

कूलारा गावात पूल ओलांडून समुद्राकडे गेलं की रस्ता पास्को पार्कच्या फाटकाशी संपतो. आत एक छोटी आगगाडी आहे, एक भूतबंगला आहे, ज्यातल्या भुतांना गावातली पोरं नावानं हाका मारतात, आणि मधोमध अठरा घोड्यांचं मेरी-गो-राउंड. नेव्हच्या वडिलांनी हे उभारलं, नेव्हनी चालवलं, आणि आता ते जेमतेम घरंगळत होतं. गेल्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी दिवसभरात दोन माणसं आली. त्यातलं एक रस्ता चुकलेलं होतं.

लिनेट तिकीटखिडकीत बसायची, बटाट्याचे काप तळायची, हिशेब आणि झाडलोट बघायची. तिला बाकी कशाची हौस नव्हती. ती त्रेपन्न वर्षांची होती, आणि हे घोडे फिरताना पाहिले नाहीत असा तिचा एक दिवस गेला नव्हता. डॅरलही वाईट नव्हता बरं का. पण तीस वर्षं तो त्याच चाकाचा तोच नट आवळत होता आणि तीस वर्षं तो नट संध्याकाळपर्यंत ढिला होत होता. शेडमागे वडिलांची जुनी कॅरव्हॅन धूळ खात उभी होती. तसलं एखादं चाकांवरचं घर गाडीमागं बांधावं आणि उत्तरेकडे उन्हात निघून जावं, एवढंच त्याचं स्वप्न होतं.

आणि नेव्ह मध्ये अडकले होते. त्यांची बायको आयव्ही जाताना त्यांचा हात धरून म्हणाली होती, "घोडे गावाबाहेर जाऊ देऊ नकोस." त्यांनी शब्द दिला. पुढं दोन वर्षांनी, डॅरलची पाठ धरली होती त्या हिवाळ्यात, त्याला म्हणाले, "गिऱ्हाईक आण, जे माझं आहे ते विकीन." तोही शब्दच. नेव्ह शब्द मोडणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे दोन्ही शब्द जवळ ठेवून ते गेलं वर्षभर चहाच्या कपात बघत होते.

"वॉर्निश तर लावायलाच हवं," लिनेट म्हणाली. "तो घेवो न घेवो. उन्हाळा तोंडावर आलाय."

"पण वाळवणार कुठं? शेड गळतीय," डॅरल म्हणाला. "आणि आत सगळीकडे पाइनची सावली."

तेव्हा नेव्ह त्या सकाळी पहिल्यांदा बोलले. "फाटकाबाहेर गवताच्या पट्टीवर मांडा. तिथं ऊन चांगलं असतं."

दोघांनाही ते पटलं. भावाबहिणीला एकच गोष्ट पटली असा तो दिवस, त्यांनी खरं तर तिथंच सावध व्हायला हवं होतं.

साडेअकराला अठरा घोडे फाटकाबाहेर रांगेत उभे होते, सगळ्यात मोठ्या डचेसपासून सगळ्यात लहान बटनपर्यंत. बटनवर आयव्हीनं स्वतः डोळे रंगवले होते, एक जरा तिरळा. वॉर्निश ओलं होतं आणि घोडे घामेजल्यासारखे चमकत होते. नेव्ह म्हणाले, "तुम्ही पानं मांडा, मी पंप बंद करून येतो." ते गेले, पंधरा मिनिटांनी आले आणि बागकामाचे हातमोजे घालूनच जेवायला बसले.

"बाबा, मोजे काढा की," लिनेट म्हणाली.

"हात गार पडलेत."

बाहेर अंगावरचा कोट काढून फेकावा असं ऊन होतं. पण एक्याऐंशीव्या वर्षी माणसाचे हात कधी गार पडावेत हे त्याचं त्यानं ठरवावं, म्हणून तिनं ताटली त्यांच्यापुढं सरकवली. त्या दिवशी नेव्हनी बीटाचं सँडविच दोनदा मागितलं. मग चहा. मग लॅमिंग्टन केक आहे का विचारलं. मग आयव्हीनं पहिल्यांदा लॅमिंग्टन केला तेव्हाची हकिकत सांगितली, जी सगळ्यांना पाठ होती, पण या वेळी ती बरीच लांबली.

दोन वाजता डॅरल बाहेर गेला आणि तसाच परत आला.

"लिन, तू घोडे आत घेतलेस का?"

"मी इथं बसलीय."

"मग आपल्याकडे घोडे नाहीत."

गवतावर अठरा जागी गवत दबलेलं होतं आणि एक शेपूट पडलं होतं. बाकी काही नाही. लिनेट रस्त्याकडे बघत राहिली. पुलाच्या पलीकडे, पहिल्या घरासमोर तिला एक मोडका फ्रीज, दोन गाद्या आणि एक दिव्याची छत्री गवतावर मांडलेली दिसली.

"डॅरल," ती हळूच म्हणाली, "हा अडगळीचा आठवडा आहे."

वर्षातून एकदा गावातल्या लोकांनी नको असलेलं सामान घरापुढच्या गवतावर ठेवायचं आणि सोमवारी सकाळी कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, ट्रक येऊन ते नेतो. पण ट्रकसाठी उरतं काय? आदले सगळे दिवस गाव गाड्या घेऊन फिरत असतं. गवतावर ठेवलं ते सोडलं. उचललं ते आपलं. त्याबद्दल विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, आणि परत मागायचं तर मुळीच नाही. एखाद्यानं दुसऱ्याच्या ताटातला घास मागून घ्यावा तसलं ते. दरवर्षी कौन्सिलचं पिवळं पत्रक यायचं आणि लिनेट ते फ्रीजवर लावायची. यंदा ते तिला दिसलंच नव्हतं, आणि कामाच्या गडबडीत ती आठवडाभर पुलापलीकडे गेली नव्हती.

"पोलिसात जाऊ," डॅरल म्हणाला.

"कुठल्या तोंडानं? तू बसतोस तो स्टूल कुणाचा आहे?"

डॅरल विचार करू लागला. स्टूल डॉक्टरांचा होता. तिकीटखिडकीतलं घड्याळ बेकरीवाल्याचं. भूतबंगल्यातल्या पाचही भुतांचे कपडे गावाच्या गवतावरून आले होते. पास्को पार्कमध्ये घोडे सोडले तर पास्कोंचं असं फारसं काही नव्हतंच.

शनिवारी दोघं पिकअप घेऊन निघाले. एकाच गाडीत दोन माणसं, एकाच वस्तूच्या शोधात, पण एकाला ती विकायला हवी आणि एकीला ठेवायला. अशा प्रवासात फारसं बोलणं होत नाही. शिवाय पिकअपचा स्टार्टर गेला होता. एकदा इंजिन चालू झालं की बंद करायचं नाही आणि पेडलवरचा पाय काढायचा नाही, म्हणून डॅरल एकदा बसला की घरी येईपर्यंत बसलेलाच.

बेकरीत लिनेटला पहिला पुरावा मिळाला. रांगेतल्या सात जणांपैकी पाच जणांचे तळवे कडक चहाच्या रंगाचे होते आणि पाव घेताना कागद बोटांना चिकटत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, सगळ्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं.

डचेस मात्र लपणारी नव्हती. निवृत्त शिक्षिका मिसेस हॅबगुड यांच्या बागेत, टोमॅटोच्या वाफ्यात, ती गवती टोपी घालून उभी होती.

"छान दिसतोय घोडा," लिनेट कुंपणावरून म्हणाली. तिला शाळेत यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्रेपन्नाव्या वर्षीही तिचे हात आपोआप मागे बांधले गेले.

"कावळे येत नाहीत आता," मिसेस हॅबगुड म्हणाल्या. "काय हवंय तुला, लिनेट?"

"काही नाही. म्हणजे, तो घोडा चुकून बाहेर राहिला होता. वाळायला."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "तिकीटखिडकीत तू कशावर बसतेस?"

"खुर्चीवर."

"कुणाच्या?"

लिनेट स्वतःच्या बुटांकडे बघू लागली.

"मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. माझ्या बहिणीनं घर आवरायला काढलं आणि माझी खुर्ची गवतावर ठेवली. माझ्या आईची खुर्ची. घरी आले तर नाही. अकरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मी तुझ्या खिडकीशी येते, तिकीट घेते, आणि तू माझ्या आईच्या खुर्चीत बसलेली असतेस. मी कधी एक अक्षर बोलले?"

"नाही बाई."

"मग?"

"चुकलं बाई."

"टोमॅटो घेऊन जा थोडे," मिसेस हॅबगुड म्हणाल्या.

गाडीत लिनेट टोमॅटोची पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिचे कान लाल झाले होते. "मी आता कुणाच्या दारात जाणार नाही," ती म्हणाली. "गेले तर गेले."

"आणि उद्या दोनला त्याला काय दाखवू? टोमॅटो?"

पण तीच जाणार होती, कारण चर्च रस्त्यातच लागतं आणि चर्चच्या हॉलच्या उघड्या दारातून तिला घोड्याचं तोंड दिसलं. त्याला कागदाचे लांब कान चिकटवलेले होते.

पास्टर तेविता हा टोंगा बेटांवरचा माणूस. आठवडाभर दुधाचा टँकर चालवतो आणि रविवारी प्रवचन करतो. करतो म्हणजे काय, बोलता बोलता त्याचा आवाज वर चढतो, शब्दाला सूर फुटतो, मागून बायकांचा आवाज येऊन मिळतो, आणि कधी गाणं सुरू झालं हे कुणालाच कळत नाही. ज्यांचा देवाशी फारसा संबंध नाही तेसुद्धा रविवारी पाव आणायला म्हणून निघतात आणि चर्चच्या भिंतीशी बुटाची नाडी बांधत बसतात.

"हा नाताळच्या नाटकातला गाढव आहे," तेविता म्हणाला. "कालपर्यंत घोडा होता असं ऐकलं."

लिनेट पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. विशेषतः खुर्चीचंच.

तेवितानं गाढवाचा एक कान नीट केला. "मागायचं नाही हे खरं. गावाची रीत आहे, ती मोडू नये. पण मला सांग, उद्या कुणी एखादी वस्तू स्वतःच्या गवतावर ठेवली, आणि तू तिथून जात असलीस, तर उचलायला तुला कोण अडवतंय?"

"पण ठेवेल कोण?"

"ते तुझं काम नाही. ते माझंही नाही," तेवितानं वर बोट केलं. "मी फक्त गाईन."

रविवारी तो हरवलेल्या मेंढराबद्दल बोलला. शंभरातलं एक हरवलं, तर नव्व्याण्णव रानात सोडून धनी त्या एकामागं निघाला. "एकासाठी एवढं," तेविता म्हणाला, आणि इथं सूर लागला, "तर मग ज्या बहिणीचं एकही उरलं नाही, तिनं किती चालावं?" त्यानं नाव घेतलं नाही. घोडा म्हणालाच नाही. नुसतं, हे गेलं पाण्याला, ते गेलं काट्यात, हे निजलं कुणाच्या टोमॅटोत, असं एकेक मेंढरू गात गेला, आणि प्रत्येक मेंढराला मागून सगळ्यांनी "घरी ये, घरी ये" म्हणून साथ दिली. खिडक्या उघड्या होत्या. भिंतीशी बसलेल्यांच्या नाड्या बांधून होईनात. शेवटी एकमेकांचे हात हातात घ्यायची वेळ आली, तेव्हा निम्म्या लोकांचे हात सुटायला वेळ लागला. वॉर्निश अजून पुरतं वाळलं नव्हतं.

साडेअकराला गाव बदललं होतं. घराघरापुढं गवतावर एकेक घोडा उभा. कुणी आयाळ पुन्हा रंगवली होती, कुणी तुटलेला खूर बसवला होता, दंतवैद्यानं तर आपल्या घोड्याचे दात चमकवले होते. ठेवणारे पडद्यामागं उभे. डॅरल पेडलवर पाय ठेवून बसलेला, आणि लिनेट उतरायची, घोडा उचलायची, मागं ठेवायची. जड असला की शेजारचं कुणीतरी सहज फिरायला निघाल्यासारखं यायचं आणि एक टोक धरायचं. आभार कुणी मानले नाहीत. मिसेस हॅबगुडनी डचेसची टोपी तशीच राहू दिली होती.

सव्वा वाजता पार्कच्या फाटकाशी त्यांनी मोजले. सतरा.

"बटन नाही," लिनेट म्हणाली. "आईचा बटन नाही."

"एकानं काय बिघडतंय," डॅरल म्हणाला खरा, पण त्यानंच पुन्हा मोजले.

दुसरी फेरी मारायला वेळ नव्हता. घोडे आत मांडून झाल्यावर लिनेटनं एकच काम केलं. तिकीटखिडकीतली खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर गवतावर नेऊन ठेवली. दहा मिनिटांनी बघते तो मिसेस हॅबगुड तिच्यावर बसलेल्या, पर्स मांडीवर, जणू बसची वाट बघतायत.

दोन वाजता क्विल्टर आला. गोड माणूस होता, पांढरे बूट घालून आला होता. सतरा घोड्यांभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि कागद काढले.

"घोड्यांचं म्हणाल तर हिला विचारा," नेव्ह म्हणाले. मोजे अजून हातात चढवलेलेच होते.

"पण घोडे तुमचे आहेत ना?"

"शुक्रवारी सकाळपर्यंत होते. मग आम्ही ते अडगळीच्या आठवड्यात गवतावर ठेवले. म्हणजे सोडले. गावानं उचलले, गावाचे झाले. आज गावानं सोडले, हिनं उचलले. आता हिचे."

"बाबा," डॅरल म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

"उतरला होतास?"

"स्टार्टर गेलाय, तुम्हाला माहितीय."

"स्टार्टरचं मला सगळं माहितीय. उतरला होतास का, एवढंच विचारतोय."

डॅरलनं घोड्यांकडे पाहिलं. "नाही."

"कायद्यात हे बसणार नाही," क्विल्टर सौम्यपणे म्हणाला.

"मेलबर्नचे का तुम्ही?" फाटकाबाहेरून, खुर्चीतून, मिसेस हॅबगुडनी विचारलं. त्यानं मान डोलावली. "वाटलंच," त्या म्हणाल्या.

क्विल्टरनं लिनेटकडे पाहिलं. लिनेटला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही, आणि ते काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

"पण मी शब्द दिलाय डॅरलला," नेव्ह म्हणाले, "जे माझं आहे ते विकीन म्हणून. तो मी पाळणार. या." ते सगळ्यांना घराच्या मागच्या ओसरीवर घेऊन गेले. तिथं एका चादरीखाली बटन उभा होता, तिरळ्या डोळ्यानं समुद्राकडे बघत. चादर काढायला नेव्हनी मोजे काढले. दोन्ही तळवे कडक चहाच्या रंगाचे. आणि डाव्या मोज्यातून घडी घातलेला पिवळा कागद खाली पडला. कौन्सिलचं पत्रक, तारखांभोवती पेन्सिलीनं गोल केलेलं.

लिनेटनं तो उचलला, वाचला, घडी घातली.

"हा माझा," नेव्ह म्हणाले. "सगळ्यात आधी मी उचलला. घेता?"

"एका घोड्याचं मी काय करू?" क्विल्टर म्हणाला.

"मग आपला व्यवहार झाला. चहा घ्या."

त्यानं घेतला. लॅमिंग्टनही घेतला. आयव्हीची हकिकतही पूर्ण ऐकून गेला.

उन्हं उतरताना नेव्हनी बटनला ढकलगाडीत घालून फाटकाबाहेर नेलं, गवतावर ठेवलं आणि पाठ फिरवून नाक शिंकरत उभे राहिले. लिनेटनं तो उचलला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं, परत येतील म्हणून?"

"मला एवढंच वाटलं होतं, की गावाबाहेर जाणार नाहीत," ते म्हणाले. "आणि जमिनीचं विचारशील, तर घोड्यांना उभं राहायला ती लागणारच. वकिलाकडे जाऊ मंगळवारी. चल, आता जरा धक्का मार."

शेडमागची कॅरव्हॅन दोघांनी ढकलत फाटकाबाहेर आणली. डॅरल खिडकीतून बघत होता. ट्रक यायला रात्र बाकी होती आणि पुलावरून दंतवैद्याची गाडी सावकाश येताना दिसत होती. आयुष्यात नट आवळताना कधी पळाला नसेल असा डॅरल पळाला. दंतवैद्य पोचला तेव्हा तो कॅरव्हॅनच्या पायरीवर जुन्या इंजिनासारखा धापा टाकत बसला होता.

पुढं सांगायचं तर थोडंच उरलंय. डॅरल आता उत्तरेत असतो, पाठ बरी आहे, नाताळला येतो आणि न सांगता एक नट आवळून जातो. पार्क श्रीमंत झालं नाही. पण दोन दिवस का होईना, घोडा ज्याच्या घरी राहिला त्याला तो आपला वाटतो, त्याला काय करणार? दर रविवारी प्रवचन झालं की लोक येतात. दंतवैद्य त्याच्या घोड्याचे दात घासतो, मिसेस हॅबगुड डचेसला तेल लावतात, तेविताच्या घोड्याला नाताळात कान येतात आणि जानेवारीत जातात. तिकीट मात्र सगळे काढतात. लिनेट स्टुलावर बसते, डॉक्टरांच्या.

नेव्ह दोन हिवाळ्यांमागं गेले. झोपेत गेले, दोन्ही शब्द पाळून गेले. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. कधी रस्त्यानं जाताना कुणाच्या दारापुढं एखादी वस्तू पडलेली दिसली, आणि ती फारच चांगली आहे, टाकण्यासारखी नाही असं तुम्हाला वाटलं, तर उचलण्याआधी क्षणभर थांबा. त्या घराच्या खिडकीकडे बघा. पडद्याआड एखादा म्हातारा भर उन्हात हातमोजे घालून उभा असेल. नसला, तरी आमच्या नेव्ह पास्कोची आठवण काढा.